बर्फाच्या घाटात जायचंय, साखळी घेऊ की टायरचे मोजे?

घसरगुंडी_नको

मंडळी, जरा मदत हवीय. जानेवारीत आम्ही चौघं गाडीने डोंगरात जाणार आहोत, शेवटचे वीसेक किलोमीटर सगळा चढ आहे आणि तिथे ती गोल निळी पाटी आहे, साखळी गुंडाळलेल्या चाकाचं चित्र असलेली, म्हणजे बर्फ असेल तर चाकाला काहीतरी चढवल्याशिवाय पुढे जायचं नाही. बर्फात मी याआधी दोनदा गाडी चालवलीय पण सपाट रस्त्यावर आणि तोही मीठ टाकून साफ केलेला, त्याला काही चालवणं म्हणत नाहीत.

गाडी साधी सेडान आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर २२५/४५ आर १७ (म्हणजे रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के आणि रिम १७ इंची), ऑल सीझन. शोधायला बसलो तर डोकंच गरगरायला लागलं, शिडीवाली साखळी, डायमंडवाली साखळी, केबल, कापडी मोजे, शिवाय ते प्लास्टिकचे पट्टे, प्रत्येक जण म्हणतो आमचंच भारी. बायको म्हणते मोजे घे, कारण साखळी लावताना मी चिडचिड करणार हे तिला आत्तापासूनच माहितीय. काय घेऊ? आणि दोन चाकांना पुरे की चारही?

जुना_चालक

साखळी की मोजे हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, आधी खाली उतरून गाडीपाशी जा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, टॉर्च घ्या आणि पुढच्या टायरच्या आतल्या बाजूने हात घाला. तिथे शॉकअब्सॉर्बरचा उभा दांडा आहे, ब्रेकचा रबरी पाइप आहे, एबीएसची बारीक वायर आहे. टायर आणि या सगळ्यांच्या मध्ये तुमची किती बोटं मावतात ते बघा. मग टायरच्या डोक्यावर, मडगार्डच्या आत किती जागा आहे ते बघा. ही जागा ठरवते तुम्ही काय घेऊ शकता, बाकी सगळं नंतर.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः खड्ड्यात पडलोय. आधीच्या गाडीत तिथे माझी करंगळी जेमतेम जायची, आणि मी मात्र बॉक्सवरचा टायरचा नंबर जुळला म्हणून खुशाल जाडजूड १२ मिमीची साखळी उचलून आणली. लावली, निघालो, आतून टक टक टक आवाज यायला लागला, मला वाटलं साखळीचा आवाज असाच असतो म्हणून रेडिओ मोठा केला (हो, खरंच केला). पुढे एका ठिकाणी थांबून बघितलं तर एबीएसची वायर घासून घासून आतलं तांबं दिसायला लागलेलं. अजून थोडं गेलो असतो तर पुढचा नंबर ब्रेकच्या पाइपचा होता.

साखळीच्या बॉक्सवर ७, ९, १२ मिमी असं काहीतरी लिहिलेलं असतं, ढोबळमानाने ती साखळी टायरवर बसली की तेवढी जागा खाते. आजकालच्या गाड्यांत मोठी रिम आणि बसका टायर, त्यामुळे आत जागाच उरत नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत एसएई क्लास एस असं लिहिलेलं असतं, म्हणजे नक्षीच्या (रस्त्याला टेकणाऱ्या) बाजूला निदान ३७ मिमी आणि टायरच्या भिंतीपाशी निदान १५ मिमी मोकळी जागा, त्याच मापात बसणारी साधनं घ्यायची.

आणि पुस्तिका उघडाच. साखळी असा शब्द शोधा, त्या पानावर कुठल्या मापाच्या टायरला चालते आणि कुठल्याला नाही हे स्पष्ट दिलेलं असतं. तुमचा १७ आहे म्हणून मला जरा शंका येतेय.

चार_बाय_चार

एवढं डोकं कशाला लावायचं, ४ बाय ४ वाली गाडी घेऊन जा कुणाची तरी, साखळीबिखळी काही लागत नाही. माझी आरामात चढते.

जुना_चालक

चढते हो, कोण नाही म्हणतंय. उतरताना काय करता? चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते ती गाडी पुढे ढकलायला. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, तिथे तुमची आणि त्यांची गाडी सारखीच, उलट तुमची जड. आणि वळणावर पकड येते ती रबर आणि बर्फ यांच्यातून, गिअरबॉक्समधून नाही. मी खड्ड्यात अडकलेल्या गाड्या बघितल्यात त्यात ४ बाय ४ काही कमी नसतात, कारण चढून गेल्यामुळे माणसाला वाटतं रस्ता चांगला आहे.

घसरगुंडी_नको

बापरे. जुना_चालक, तुमचा अंदाज बरोबर निघाला. आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन आलो. आतल्या बाजूला दांडा आणि टायरमध्ये माझं एक बोट जातं, दुसरं अडकतं. आणि पुस्तिकेत लिहिलंय की साखळी फक्त २०५/५५ आर १६ ला लावायची, फक्त पुढच्या चाकांना, आणि बारीक साखळीच. २२५/४५ आर १७ ला लावू नये असं चक्क ठळक अक्षरात आहे. गाडी घेऊन चार वर्षं झाली, हे पान आज पहिल्यांदा उघडलं.

म्हणजे आता मोजे हाच पर्याय ना? बायको जिंकली म्हणायची.

मोजेवाला

मोजे वापरून माझे तीन हिवाळे झाले, त्यामुळे कौतुक आणि तक्रार दोन्ही सांगतो.

आधी ते काम कसं करतात ते. बर्फाच्या पृष्ठभागावर, विशेषतः तापमान शून्याच्या आसपास असताना, पाण्याचा बारीक थर असतो आणि रबर त्याच्यावरून घसरतं. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्याला कोरडा फडका लावून बघा, चिकटतो. मोज्याचा धागा तसंच करतो, ते पाणी शोषतो आणि बर्फाला धरतो. पहिल्यांदा लावले तेव्हा मला खरं वाटत नव्हतं की कापडाने काही होईल, आणि जी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती ती गपचूप निघाली.

लावायला सोपे. वरच्या अर्ध्या टायरवर टोपीसारखा चढवायचा, गाडी अर्धं चाक पुढे न्यायची, खाली राहिलेला भाग वर आलेला असतो तो ओढून घ्यायचा, झालं. थोडा वाकडा बसला तरी चालताना आपोआप मध्यावर येतो. वजन काहीच नाही, गाडी हादरत नाही, रिमला ओरखडा नाही, आणि पातळ असल्यामुळे जिथे साखळी बसत नाही तिथेही बरेचदा बसतो. बरेचदा म्हणतोय, नेहमी नाही, तुमच्या मापाला आणि गाडीला चालतो का हे मोज्याच्या यादीत बघूनच घ्या.

आता तक्रार. कोरडा डांबरी रस्ता लागला की मोजा संपला. माझा पहिला जोड असाच गेला, घाटात सावलीतल्या वळणांवर बर्फ आणि उन्हातल्या पट्ट्यांवर कोरडं डांबर, मी म्हटलं दर दोन मिनिटांनी कोण काढणार, तसाच चालवत राहिलो. वर पोचलो तेव्हा डाव्या चाकावर मोजा नव्हता, त्याच्या चिंध्या होत्या. दुसरं म्हणजे खोल, ओला, चिखलासारखा झालेला बर्फ असेल तर साखळी जशी खोदून पकडते तसं कापड पकडत नाही. आणि काढल्यावर तो ओला चिंब काळा गोळा ठेवायला जाड पिशवी जवळ ठेवा नाहीतर डिकीतल्या बॅगा गेल्या.

नियमवाली

एक महत्त्वाची गोष्ट कुणीच बोललं नाही. निळ्या पाटीला मोजे चालतात का? सगळीकडे चालत नाहीत. काही देशांत कापडी साधन साखळीच्या बरोबरीचं धरतात, काही ठिकाणी फक्त धातूचं चालतं, आणि पोलिसांनी अडवलं तर मोजे दाखवून उपयोग नाही. ज्या रस्त्याने जाणार त्या देशाच्या वाहतूक खात्याचा नियम आधी वाचा.

युरोपात २०२० साली ईएन १६६६२-१ हे मानक आलं, त्यात मोटारींची धातूची आणि कापडी अशी दोन्ही साधनं येतात. त्याआधी ऑस्ट्रियाचं ओनॉर्म व्ही ५११७ बहुतेक साखळ्यांवर छापलेलं असायचं, जुन्या बॉक्सवर अजून दिसतं. मोजे घेणारच असाल तर ईएनचा नंबर छापलेले घ्या. नुसतं 'आणीबाणीसाठी' असं लिहिलेले स्वस्तातले जोड आणि ते प्लास्टिकचे पट्टे यांच्या नादी लागू नका, ते पट्टे चिखलातून गाडी बाहेर काढायला ठीक, वीस किलोमीटर चढाला नाहीत.

इतिहासात_रमणारा

थोडं अवांतर. टायरच्या साखळीचं पेटंट १९०४ सालचं आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांचं. तेव्हाचे लोक चिखलात आणि बर्फात चाकांना दोर नाहीतर वेली गुंडाळायचे, त्यावरून त्यांना सुचलं असं सांगतात. म्हणजे मोजेवाले हसू नका, सुरुवात दोरानेच झाली होती.

सुईदोरा

मी दर हिवाळ्यात साखळीच वापरते, पण घसरगुंडी_नको यांच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. तुमचा खरा प्रश्न टायरचा आहे, साखळीचा नाही.

ऑल सीझन म्हणताय, पण टायरच्या भिंतीवर नीट बघा काय चिन्ह आहे. नुसतं एम अधिक एस (इंग्रजीत मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तर ते कंपनीने आपलं आपण छापलेलं असतं, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत पास झालेला असतो. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं, शिवाय नक्षीत बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला चावतात. नक्षी ४ मिमीच्या खाली झिजली असेल तर मात्र हिवाळी टायरही नावालाच.

आता गंमत बघा. तुमची पुस्तिका २०५/५५ आर १६ ला साखळी चालते म्हणते. हिशोब करा, २०५ चे ५५ टक्के दोन्ही बाजूंनी धरून २२५.५ आणि १६ इंची रिम म्हणजे ४०६.४, मिळून जवळपास ६३२ मिमी. तुमचं २२५/४५ आर १७ येतं ६३४ च्या आसपास. म्हणजे चाकाची उंची तीच, स्पीडोमीटरला फरक कळणार नाही, पण टायर २० मिमी अरुंद. ती जागा साखळीला मिळते! म्हणूनच कंपनीने ते माप दिलंय. १६ च्या साध्या लोखंडी रिमवर चार हिवाळी टायर चढवून घ्या (चारही, दोन नाही, पुढे पकड आणि मागे साबण असं झालं तर उतारावर गाडीचं ढुंगण पुढे येतं), आणि त्या मापाची बारीक साखळी डिकीत ठेवा. फक्त १६ ची रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून (चाकाच्या आत ब्रेक दाबणारा भाग) जाते ना तेवढं त्याच व्हेरिएंटसाठी खात्री करून घ्या.

साखळीत डायमंड घ्या, शिडी नको. शिडीवाल्या साखळीत आडव्या पट्ट्यांच्या मध्ये मोकळं रबर असतं, त्यामुळे सरळ ओढायला चांगली पण गाडी आडवी सरकायला लागली की त्या पट्ट्या तिला धरत नाहीत, आणि धडधड वेगळीच. डायमंडची जाळी तिरकी असल्यामुळे चाक कुठेही असलं तरी काही ना काही कडी जमिनीला लागलेली असते. पुढच्या चाकांनीच वळायचं असतं तुम्हाला, तिथे हा फरक कळतो. केबल बारीक असते, कमी जागेत बसते, पण कडक बर्फाच्या चढाला मला ती साखळीपेक्षा कच्ची वाटली.

दोन चाकांना पुरे का विचारलंत, तर जी चाकं गाडी ओढतात त्यांना, तुमच्यात पुढची. पण मग मागची मोकळी राहतात हे डोक्यात ठेवा, उतारावर कमी गिअर टाकून इंजिनवर उतरायचं, वळणात ब्रेक दाबायचा नाही. साखळीवर ५० किमीच्या वर जायचं नाही, आणि पॅकिंगवर त्याहून कमी दिलं असेल तर तेच खरं.

नवशिका_पण_उत्साही

मधेच विचारतो, भाड्याच्या गाडीला साखळी लावली तर चालते का? आणि टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते असं ऐकलंय, मग साखळी लागणारच नाही ना?

नियमवाली

भाड्याच्या गाडीच्या करारात साखळीबद्दल कलम असतं, कित्येकदा सरळ मनाई असते आणि नुकसान झालं तर तुमच्या खिशातून. घेण्याआधी विचारा, जमलं तर हिवाळी टायरची गाडी मागा.

जुना_चालक

हवा कमी करायची नाही! वाळूत करतात ते वेगळं. साखळी नेहमीच्या हवेवर बसेल अशी बनवलेली असते, हवा कमी करून चढवली तर टायर आत दबतो, साखळी ढिली होते आणि ढिली साखळी म्हणजे मडगार्डच्या आत फिरणारा चाबूक.

सुईदोरा

लावण्याबद्दल राहिलंच. घरी, उजेडात, कोरड्यात, निदान दोनदा लावून बघा. मी पहिल्यांदा थेट बर्फातच बॉक्स फोडला होता. रात्रीची वेळ, मोबाइल दातात धरलेला, सूचनांचा कागद ओला होऊन दुमडलेला, आणि साखळीला असा पीळ पडलेला की लोकरीचा गुंता परवडला. वीस मिनिटांनी कळलं की मी ती उलटी धरलीय.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: चढ सुरू व्हायच्या आधी सपाट जागा बघून थांबायचं, अडकल्यावर नाही, कारण अडकलेल्या जागी मागून गाड्या येत असतात. हँडब्रेक, चमकणारे दिवे, अंगात ते चमकदार जॅकेट. साखळी आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा. मग मागची कडी (टायरच्या आतल्या बाजूला बसणारी, बरेचदा रंगीत असते) चाकाच्या मागून ओढून वर आणून जोडायची, ती नीट आत ढकलायची, मग पुढचे आकडे, मग ताण द्यायचा पट्टा. आकड्यांची उघडी तोंडं टायरकडे नको, बाहेर हवीत, नाहीतर ती रबराला खातात. शंभरेक मीटर जाऊन थांबायचं आणि परत ताणायचं. हे पुन्हा ताणणं लोक गाळतात आणि मग साखळ्या तुटतात म्हणून ओरडतात. गाडी निघतच नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की ते ताकद कापतं.

सोबत काय हवं? रबरी हातमोजे (लोकरीचे भिजतात), डोक्याला लावायची टॉर्च, गुडघ्याखाली घालायला जुनी चटई. परत आल्यावर साखळी साध्या पाण्याने धुऊन टांगून वाळवा, रस्त्यावरचं मीठ पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला गंजवून टाकतं.

मोजेवाला

सुईदोरा ताईंशी सहमत, बसत असेल तर साखळीच. पण मोजे पण डिकीत टाका, वजन ते किती. पार्किंगमधून बाहेर पडायला साखळी लावायचा कंटाळा येतो तेव्हा तेच कामाला येतात.

एक प्रकार राहिला, बाहेरून चाकाच्या नटाला अडकवायचा, त्याला आतल्या बाजूला साखळी लागतच नाही. ज्यांना १७ वरच राहायचंय त्यांनी तो बघावा, महाग असतो आणि प्रत्येक गाडीला वेगळा अडॉप्टर, पण आतल्या बोटभर जागेचा प्रश्न मिटतो. अर्थात पुस्तिकेतली मनाई त्यालाही लागू आहे का ते बघावंच लागेल.

घसरगुंडी_नको

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगतो.

टायर बघितले, नुसतं एम अधिक एस आहे, शिखरं नाहीत. म्हणजे चार वर्षं मी त्यांना हिवाळी समजत होतो. शेवटी १६ च्या जुन्या वापरलेल्या लोखंडी रिम मिळाल्या, माझ्याच व्हेरिएंटच्या गाडीवरून काढलेल्या, त्यावर चार हिवाळी टायर नवे, आणि ७ मिमीची डायमंड साखळी. चाकं बदलल्यावर परत आत हात घालून बघितला, आता दोन बोटं सहज जातात.

काल पार्किंगमध्ये सराव केला. पहिलं चाक पंचवीस मिनिटं, त्यात आकडे उलटे लागले होते म्हणून सगळं सोडून परत. बायको खिडकीतून बघत होती आणि काही बोलली नाही, जे बोलण्यापेक्षा वाईट. दुसरं चाक नऊ मिनिटांत झालं. मग पार्किंगमध्ये दोन हात पुढे जाऊन थांबलो आणि परत ताणायला गेलो तर खरंच साखळी एक कडी ढिली झाली होती, सुईदोरा ताई म्हणाल्या तशी. काढताना मात्र ती मागची कडी टायरखाली अडकून बसली, गाडी वीतभर पुढे घ्यावी लागली. हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

आज संध्याकाळी बायकोचा नंबर आहे, ती म्हणतेय दहा मिनिटांत दोन्ही लावून दाखवते.